उस्मानियाच्या आवारातील मराठी : एका विद्यापीठाचा आणि एका सीमेचा इतिहास

१९५६ च्या राज्य पुनर्रचना कायद्यात नांदेड जिल्ह्यातील मुधोळ तालुक्याच्या तीन सर्कलांची नावे स्पष्ट लिहिलेली आहेत : मुधोळ, भैंसा आणि कुबीर. ही तिन्ही सर्कले नांदेडमधून काढून आदिलाबाद जिल्ह्याला, म्हणजे नव्या आंध्र प्रदेश राज्याला जोडण्यात आली. देगलूर तालुक्यातील बिचकुंदा आणि जुक्कल ही सर्कले निजामाबादेकडे गेली. उलट दिशेने किनवट आणि राजुरा हे तालुके व इस्लापूर सर्कल आदिलाबादेतून निघून मराठवाड्याबरोबर मुंबई राज्यात आले. सीमाभागाची चर्चा निघाली की आपण ही नावे उच्चारतो, गावांची मोजदाद करतो, सातबाऱ्याची आणि कचेरीच्या भाषेची गोष्ट काढतो. या सीमेने आणखी एक गोष्ट दुभंगली, तिच्याकडे मात्र आपले फारसे लक्ष गेलेले नाही. ती गोष्ट म्हणजे विद्यापीठ.

१ नोव्हेंबर १९५६ पूर्वी भैंसाचा विद्यार्थी नांदेडला शिको, औरंगाबादला शिको की हैदराबादला, त्याची पदवी एकाच विद्यापीठाची असे : उस्मानिया. या विद्यापीठाच्या आवारात मराठी माणूस तीस-चाळीस वर्षे वावरला. तेथे त्याच्या भाषेला मानाचे स्थान नव्हते, तरीही ती तेथे राहिली, वाढली आणि काही काळ बहरलीही. हे कसे घडले, याचा विचार सीमेच्या या बाजूला राहणाऱ्या आपणा मराठी भाषकांना आज अधिक उपयोगी आहे, असे मला वाटते. राजाश्रय नसताना भाषा कशाच्या आधाराने टिकते, याचे उत्तर त्या इतिहासात सापडते.

तत्त्व योग्य, लाभ एका भाषेला

उस्मानिया विद्यापीठाच्या स्थापनेचे फर्मान सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांनी १९१७ मध्ये काढले. १९१८ मध्ये विद्यापीठाची सनद निघाली आणि १९१९ मध्ये वर्ग सुरू झाले. आरंभीचा पसारा अगदी लहान होता. निजाम कॉलेजाच्या परिसरातील इमारतींत सुमारे २२५ विद्यार्थी आणि २५ अध्यापक, एवढ्यावर कारभार सुरू झाला. आज अडिकमेटच्या टेकाडावर दिसणारी आर्ट्स कॉलेजची भव्य दगडी वास्तू फार नंतरची. तिची कोनशिला १९३४ मध्ये बसली आणि उद्घाटन १९३९ मध्ये झाले. एर्नेस्ट जास्पर या बेल्जियन वास्तुशिल्पज्ञाने तिचा आराखडा केला. तिच्या खांबांत वेरूळ-अजिंठ्याची आणि कमानींत इस्लामी वास्तुकलेची छाया आहे, असे जाणकार सांगतात. वेरूळ आणि अजिंठा ही दोन्ही स्थळे त्या वेळी हैदराबाद संस्थानातच, मराठवाड्यात होती. म्हणजे दगडाच्या रूपाने का होईना, मराठवाडा त्या इमारतीत पोहोचला होता.

या विद्यापीठाचे खरे वैशिष्ट्य माध्यमाचे होते. इंग्रजी ही ज्ञानाची एकमेव भाषा मानली जात असलेल्या काळात उस्मानियाने उच्च शिक्षण एका भारतीय भाषेतून, उर्दूतून, देण्याचे ठरवले. इंग्रजी सक्तीचा विषय म्हणून ठेवली, परंतु गणित, पदार्थविज्ञान, इतिहास, कायदा आणि पुढे वैद्यक व अभियांत्रिकीसुद्धा उर्दूतून शिकवली जाऊ लागली. संस्थानचे एक वरिष्ठ अधिकारी अकबर हैदरी यांनी या योजनेची बाजू मांडताना केलेला युक्तिवाद आजही कोणी खोडू शकणार नाही. परभाषेतून शिकणाऱ्याची शक्ती पाठांतरात खर्च होते, विचार मुरत नाही, आणि शिकलेला माणूस आपल्याच समाजापासून तुटतो, असा त्याचा आशय होता. रवींद्रनाथ टागोरांनीही या प्रयोगाचे स्वागत केले होते.

पाठ्यपुस्तके नव्हती, तर ती तयार करण्यासाठी 'दारुत्तर्जुमा' हा भाषांतर विभाग उभा राहिला. मौलवी अब्दुल हक हे त्याचे आरंभीचे प्रमुख. औरंगाबादशी त्यांचा दीर्घ संबंध होता. तेथे ते शिक्षण खात्यात होते, पुढे तेथील इंटरमीजिएट कॉलेजाचे प्राचार्य झाले, आणि 'अंजुमन तरक्की-ए-उर्दू' या संस्थेचे काम त्यांनी अनेक वर्षे औरंगाबादेतूनच चालवले. दारुत्तर्जुमाने शेकडो ग्रंथ उर्दूत आणले. पारिभाषिक शब्द घडवण्यासाठी विद्वानांच्या समित्या बसत. शब्द अरबी धातूंपासून बनवावेत की बोलीच्या वळणाने, उपसर्ग-प्रत्यय जोडून बनवावेत, यावर तेथे वाद झडत. वहीदुद्दीन सलीम यांनी १९२१ मध्ये परिभाषा घडवण्याच्या तत्त्वांवर उर्दूत एक ग्रंथच लिहिला. मानसशास्त्राला 'नफ्सियात', अर्थशास्त्राला 'मआशियात', जीवशास्त्राला 'हयातियात' अशी शब्दांची एक मालिका त्या काळात रूढ होत गेली.

भाषेच्या अभ्यासकाला या प्रयोगाचे कौतुक वाटल्यावाचून राहणार नाही. भाषा आधी 'समर्थ' होते आणि मग तिच्यातून ज्ञान देता येते, हा समज उस्मानियाने खोटा ठरवला. आधी ज्ञान द्यायला घेतले, मग भाषा समर्थ होत गेली. मराठीतही त्याच सुमारास डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांच्या ज्ञानकोशाचे काम चालू होते आणि त्याचे तेवीस खंड त्याच दशकात पूर्ण झाले. मराठीला शास्त्रीय विषय पेलत नाहीत असे म्हणायला जागा उरली नव्हती. फरक एवढाच, की उर्दूच्या मागे राज्याची तिजोरी होती आणि मराठीच्या मागे एका जिद्दी माणसाची वर्गणीदारांची यादी.

प्रयोगातील वैगुण्य येथेच होते. हैदराबाद संस्थानात सुमारे निम्मी प्रजा तेलुगू बोलणारी, सुमारे पाव मराठी, दहा-बारा टक्क्यांच्या आसपास कन्नड, आणि उर्दू बोलणारेही साधारण तितकेच. मातृभाषेतून शिक्षणाचे तत्त्व ज्या फर्मानाने मान्य केले, त्याच फर्मानाने ते दहापैकी एका माणसाच्या मातृभाषेला लागू केले. उरलेल्या नऊ जणांसाठी उर्दूही परकीच होती. इंग्रजीच्या तुलनेत ती जवळची, बाजारात कानावर पडणारी, पण घरात न बोलली जाणारी. तत्त्व योग्य असूनही त्याचा लाभ कोणाला मिळतो हे सत्ता ठरवते. भाषिक अल्पसंख्याकांनी हा धडा कायम लक्षात ठेवावा असा आहे.

शब्द घेणे वेगळे, माध्यम लादणे वेगळे

येथे एक भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे, कारण आपल्या लेखनात तो अनेकदा पुसला जातो. उर्दू-फारसीचे मराठीशी वैर होते, असे म्हणणे इतिहासाला धरून नाही. शाळेतील साध्या वस्तूंची नावे घ्या : दप्तर, शाई, दौत, कागद, तक्ता, हजेरी, दाखला. यांतील बहुतेक शब्द फारसी-अरबीतून आलेले आणि मराठीत असे मुरलेले, की त्यांच्याशिवाय मराठी शाळेचा एक दिवसही पार पडणार नाही. 'तालीम' हा शब्द उर्दूत शिक्षणाला वापरतात, मराठीने तो घेतला आणि आखाड्याला व नाटकाच्या सरावाला लावला. शब्द घेताना भाषा आपल्या गरजेप्रमाणे तो वळवून घेते आणि त्यात तिचा जोर दिसतो. भैंसा, मुधोळ, धर्माबाद, बिलोली या पट्ट्यातील बोलीत तर असे शेकडो शब्द आहेत आणि ते आपले वैभव आहे.

माध्यम लादणे ही निराळी गोष्ट. त्यात भाषा काही घेत नाही, तिची जागाच काढून घेतली जाते. मराठी मूल प्राथमिक शाळेत मराठी शिके, पुढे सरकारी माध्यमिक शाळेत त्याला उर्दूतून इतिहास-भूगोल शिकावे लागे, सोबत सक्तीची इंग्रजी, आणि विद्यापीठात पोहोचेपर्यंत मराठी हा फार तर एक ऐच्छिक विषय होऊन राही. ज्याला परवडे तो मद्रास विद्यापीठाशी संलग्न असलेल्या इंग्रजी माध्यमाच्या निजाम कॉलेजात जाई किंवा पुणे, बनारस गाठी. ज्याला परवडत नसे त्याला उस्मानिया.

तरीही या उर्दू शिक्षणाने काही मराठी माणसांना जे दिले ते नाकारता येत नाही. निलंग्याचे सेतुमाधवराव पगडी याच संस्थानात वाढले आणि त्याच्या मुलकी सेवेत राहिले. फारसी साधनांवर त्यांचे जे प्रभुत्व होते त्यातून मराठ्यांच्या आणि मोगलांच्या इतिहासाचे मोठे लेखन मराठीला मिळाले. आदिलाबादच्या डोंगराळ मुलखाशी संबंध आला तेव्हा त्यांनी गोंडी शिकून तिचे व्याकरणही लिहिले. परभाषा शिकणे हे नुकसान नसते. नुकसान होते ते शिकण्याच्या बदल्यात स्वभाषा सोडावी लागते तेव्हा.

वसतिगृह, विभाग आणि शहर

मराठवाड्यातून हैदराबादला जायचे तर गोदावरी खोऱ्याची रेल्वे होती. विसाव्या शतकाच्या आरंभी मनमाड ते हैदराबाद हा मीटरगेज मार्ग पुरा झाला आणि औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड ही गावे राजधानीशी जोडली गेली. भैंसाला रेल्वे नव्हती. या भागातील प्रवाशाला बासर किंवा धर्माबाद स्टेशन जवळचे. बासर हे सरस्वतीचे क्षेत्र. गोदावरीच्या दोन्ही तीरांवरील घरांतील मुले अक्षराभ्यासासाठी तेथे आणण्याची प्रथा आहे. विद्येच्या देवतेचे स्टेशन ओलांडून विद्यापीठाकडे जाणारी ती गाडी मराठी विद्यार्थ्याला एका वेगळ्याच जगात नेऊन सोडी.

त्या जगाचे नियम निराळे होते. शेरवानी हा रीतसर पोशाख. मुस्लिम विद्यार्थ्यांना 'दीनियात', म्हणजे धर्मशास्त्र, सक्तीचे. इतरांना त्याऐवजी 'अख्लाकियात', म्हणजे नीतिशास्त्र. व्याख्यान उर्दूत, टिपणे उर्दूत, परीक्षा उर्दूत. वर्गातून बाहेर पडून वसतिगृहाच्या खोलीत आल्यावर मात्र भाषा बदले. खोलीत मराठी, शेजारच्या खोलीत तेलुगू, पलीकडे कन्नड, आणि सर्वांची मिळून बोलायची भाषा दखनी वळणाची उर्दू. माध्यमाने ज्यांना आपापल्या भाषेपासून दूर नेले, त्यांना वसतिगृहाने एकमेकांच्या भाषांच्या जवळ आणले. हैदराबादेत शिकलेल्या त्या पिढीतील माणसांना तीन-चार भाषा सहज येत, त्या अशा सहवासातून.

विद्यापीठात मराठीचा विभाग होता. प्रा. चिं. नी. जोशी आणि डॉ. ना. गो. नांदापूरकर ही त्यातील दोन मोठी नावे. नांदापूरकरांनी मुक्तेश्वर आणि मोरोपंत यांच्या भारतांचा तौलनिक अभ्यास केला. उर्दू माध्यमाच्या विद्यापीठात, शेरवानी घातलेल्या विद्यार्थ्यांसमोर मोरोपंतांच्या आर्यांचे विवरण चाले, हे चित्र डोळ्यांसमोर आणावे. त्याच सुमारास तेलुगूच्या बाजूला रायप्रोलु सुब्बाराव यांच्यासारखे कवी अध्यापन करीत होते. विभाग लहान होते, पण विद्यापीठाच्या इमारतीत या भाषांना बसायला एक खोली होती आणि त्या खोलीचे मोल फार होते. नांदापूरकरांच्या घरी राहून हैदराबादच्या सिटी कॉलेजात शिकलेला त्यांचा भाचा म्हणजे नरहर कुरुंदकर. परीक्षांशी कुरुंदकरांचे फारसे सख्य नव्हते, परंतु मामाच्या घरातील ग्रंथ आणि हैदराबादचे बहुभाषिक वातावरण यांचे संस्कार त्यांच्या विचारांत शेवटपर्यंत राहिले. पुढे नांदेडच्या पीपल्स कॉलेजात ते प्राध्यापक आणि नंतर प्राचार्य झाले.

विद्यापीठाच्या बाहेर शहरात मराठीचा मोठा आधार होता. केशवराव कोरटकर, वामनराव नाईक आदींच्या प्रयत्नांतून १९०७ मध्ये विवेकवर्धिनी शाळा निघाली. १९२० मध्ये 'निजाम विजय' हे मराठी साप्ताहिक सुरू झाले. १९२२ मध्ये मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापन झाले. १९३१ मध्ये मराठी साहित्य संमेलन हैदराबादेत भरले आणि त्याचे अध्यक्ष होते ज्ञानकोशकार केतकर. या चारही गोष्टी लोकांनी केल्या, सरकारने नव्हे. सभा घ्यायची तर परवानगी लागे. 'गश्ती निशाण ५३' या नावाने कुप्रसिद्ध असलेल्या हुकुमाने सार्वजनिक सभांवर बंधने आणली होती. अशा काळात ग्रंथालयाचा दिवाणखाना हीच सभा आणि शाळेचे सभागृह हेच साहित्य मंडळ होते. बाहेरगावचा मराठी विद्यार्थी वर्गात गप्प बसे, पण संध्याकाळी ग्रंथालयात येऊन मराठी मासिक वाचे. विद्यापीठाने त्याला पदवी दिली, भाषिक समाज दिला तो या शहराने.

विवेकवर्धिनीतील एक अप्रिय प्रसंग

येथपर्यंतचा इतिहास आपल्याला सुखावणारा आहे. परंतु तो अर्धाच सांगितला तर आपण स्वतःशी प्रामाणिक राहणार नाही. नोव्हेंबर १९२१ मध्ये याच विवेकवर्धिनीत महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या अध्यक्षतेखाली सामाजिक सुधारणा परिषद भरली होती. इंग्रजीत, उर्दूत, मराठीत भाषणे झाली. आलंपल्ली व्यंकटरामराव हे वकील तेलुगूत बोलू लागले तेव्हा सभागृहातील मराठी श्रोत्यांनी त्यांची हुर्यो उडवली. संस्थानातील निम्म्या लोकांची भाषा राजधानीतील सभेत चेष्टेचा विषय झाली. त्याच रात्री काही तेलुगू मंडळी एकत्र जमली आणि 'आंध्र जनसंघम्' या संस्थेचा पाया घातला गेला. तेलंगणातील ग्रंथालय चळवळ, पुढची आंध्र महासभा आणि तेलुगू अस्मितेची सारी जागृती यांच्या मुळाशी हा अपमान आहे, असे तेथील इतिहासकार आवर्जून नोंदवतात.

आपण मराठी भाषकांनी हा प्रसंग विसरता कामा नये. उर्दूच्या वर्चस्वाबद्दल तक्रार करणारा आपलाच समाज, संधी मिळताच तेलुगूला खाली बसवत होता. सत्तेची भाषा असणे हा उर्दूचा दोष म्हणावा, तर प्रतिष्ठेची भाषा असल्याचा माज हा त्या दिवशी मराठीचा दोष होता. आज भैंसात, तानूरला, कुबीरला मराठी शाळेचा प्रश्न घेऊन आपण तेलुगू भाषक अधिकाऱ्यासमोर उभे राहतो तेव्हा शंभर वर्षांपूर्वीचे ते सभागृह आपल्या पाठीशी असते. त्याला लोटून देता येत नाही. त्यातून शिकता मात्र येते.

१९३८ : एक गीत आणि शेकडो विद्यार्थी

त्या कटुतेवर उतारा मिळाला तो विद्यापीठाच्याच वसतिगृहात. १९३८ ची अखेर. हैदराबाद स्टेट काँग्रेसवर बंदी होती आणि तिने सत्याग्रह आरंभला होता. आर्य समाजाचा लढाही त्याच सुमारास सुरू झाला. या वातावरणात उस्मानियाच्या आणि औरंगाबादच्या इंटरमीजिएट कॉलेजाच्या वसतिगृहांत हिंदू विद्यार्थी प्रार्थनेच्या वेळी 'वंदे मातरम्' म्हणू लागले. अधिकाऱ्यांनी मनाई केली. विद्यार्थ्यांनी ती मानली नाही. वसतिगृहातून काढणे, वर्गाबाहेर काढणे, मग विद्यापीठातूनच नाव कमी करणे, असे दंड होत गेले आणि संप संस्थानभर पसरला. शेकडो विद्यार्थ्यांचे शिक्षण एका झटक्यात थांबले.

या मुलांत मराठी होते, तेलुगू होते, कन्नड होते. सतरा वर्षांपूर्वी एका सभागृहात ज्या भाषा एकमेकींसमोर उभ्या राहिल्या होत्या, त्या येथे एका रांगेत उभ्या राहिल्या. आणि ज्या गीतासाठी त्यांनी शिक्षण पणाला लावले, ते यांपैकी कोणाच्याही मातृभाषेत नव्हते. त्याची भाषा संस्कृत आणि बंगाली. त्याच वेळी हेही ध्यानात घ्यावे, की गीत म्हणणारे विद्यार्थी हिंदू होते आणि त्यांच्याच वर्गातील मुस्लिम सहाध्यायी बहुतांशी या संपाबाहेर राहिले. वसतिगृहाने भाषांच्या भिंती ओलांडल्या, पण धर्माची भिंत तशीच राहिली. पुढील दहा वर्षांत त्या भिंतीची किंमत दोन्ही बाजूंच्या सामान्य माणसांनी मोजली.

नाव कमी झालेल्या मुलांना घ्यायला इतर विद्यापीठे सहजी तयार होईनात. तेव्हा नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू टी. जे. केदार यांनी दार उघडले आणि हैदराबादचे अनेक विद्यार्थी नागपूरला जाऊन शिकले. या प्रकरणात संस्थान सोडावे लागलेल्या तेलुगू विद्यार्थ्यांपैकी एक म्हणजे पी. व्ही. नरसिंह राव. नागपूर आणि पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजातील वास्तव्यात ते मराठीत इतके रमले, की पुढे हरि नारायण आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो' ही कादंबरी त्यांनी तेलुगूत नेली. १९२१ मध्ये मराठी सभागृहाने एका तेलुगू वक्त्याला बोलू दिले नाही आणि १९३८ नंतर मराठी मुलखाने एका तेलुगू विद्यार्थ्याला आसरा दिला. भाषांचे संबंध सभांमध्ये बिघडतात आणि घरांत, खानावळींत, वर्गांत सुधारतात. याहून बोलके उदाहरण आपल्या परिसरात दुसरे नसावे.

गुणपत्रिकेवरून गेलेली सीमा

सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस कारवाई झाली आणि संस्थान भारतात विलीन झाले. त्यानंतर उस्मानियाचे माध्यम बदलले. उर्दू गेली आणि तिच्या जागी इंग्रजी आली. मराठी, तेलुगू किंवा कन्नड यांपैकी कोणतीही भाषा तिच्या जागी आली नाही, हे लक्षात ठेवावे. तीस वर्षे घडवलेली परिभाषा, शेकडो भाषांतरित ग्रंथ, भारतीय भाषेतून वैद्यक आणि अभियांत्रिकी शिकवण्याचा अनुभव, हे सारे एका अन्यायी राज्याबरोबर अडगळीत गेले. अन्याय दूर करायचा होता तर तत्त्वाचा विस्तार करायला हवा होता. आपण तत्त्वच टाकून दिले. उर्दू भाषकांचे यात नुकसान झालेच, पण आपलेही झाले, कारण जे उर्दूत झाले ते मराठीतही होऊ शकते, हे सांगणारा जिवंत पुरावाच नाहीसा झाला.

मराठवाड्यात मात्र नवी पहाट होत होती. १९५० मध्ये स्वामी रामानंद तीर्थांच्या पुढाकाराने नांदेडला पीपल्स कॉलेज निघाले. त्याच वर्षी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादला महाविद्यालय सुरू केले आणि ज्या समाजाला कोणत्याच भाषेतून शिकू दिले गेले नव्हते, त्याच्या मुलांसाठी उच्च शिक्षणाची वाट खुली झाली. ही महाविद्यालये आरंभी उस्मानियाशीच संलग्न होती. नांदेड हे भैंसाचे जिल्ह्याचे ठिकाण. जिल्ह्याच्या गावी मराठी वातावरणाचे महाविद्यालय आले, हा या भागातील विद्यार्थ्यांसाठी केवढा मोठा पालट होता!

तो सहा वर्षेच टिकला. १९५६ मध्ये भैंसा आदिलाबादेत गेले. २३ ऑगस्ट १९५८ रोजी औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. नांदेडचे कॉलेज त्याच्याकडे गेले आणि भैंसा उस्मानियाकडेच राहिले. १९७६ मध्ये वरंगळला काकतीय विद्यापीठ निघाल्यावर आदिलाबाद जिल्हा त्याच्या कक्षेत आला. १९९४ मध्ये नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ झाले, २००८ मध्ये बासरला तंत्रज्ञानाचे विद्यापीठ आले, २०१६ मध्ये भैंसा आदिलाबादेतून निघून नव्या निर्मल जिल्ह्यात गेले. जिल्हे बदलले, राज्य बदलले, विद्यापीठे जवळ आली. पण भैंसाच्या मराठी मुलासाठी नांदेडचे विद्यापीठ हे परराज्यातील विद्यापीठ झाले. तेथे शिकायचे तर रहिवासाचे दाखले, स्थानिक कोटा, शिष्यवृत्तीची पात्रता असे प्रश्न उभे राहतात. नकाशावरील रेषा त्याच्या गुणपत्रिकेवरूनही गेली.

या इतिहासाचे आपण काय करावे?

भाषावार राज्ये आणि घटनेतील कलम ३५०-अ एकाच दिवशी, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, अमलात आली. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाची पुरेशी सोय करावी, असे हे कलम राज्यांना सांगते. सीमा आखणाऱ्यांना सीमेवर राहणाऱ्या माणसांची आठवण होती, याचा हा पुरावा. पण कलम प्राथमिक शाळेशी थांबते. पुढे काय, याचे उत्तर घटनेत नाही. १९३० चे मराठी मूल चौथीनंतर उर्दूत जाई, आजचे तेलुगूत किंवा इंग्रजीत जाते. तेलंगणात २०१८ च्या कायद्याने शाळांमध्ये तेलुगू विषय सक्तीचा केला आहे. राज्याची भाषा शिकणे योग्यच आहे आणि आपल्या मुलांनी ती उत्तम शिकावी. चिंता तेलुगू शिकण्याची नाही. मराठी मागे पडण्याची आहे, आणि ती थांबवण्याचे काम कोणताही कायदा आपल्या वतीने करणार नाही.

उस्मानियाचा इतिहास याबाबत तीन गोष्टी सुचवतो. पहिली : माध्यम हाती नसले तरी विषय मागता येतो. उर्दू विद्यापीठात मराठीचा विभाग होता आणि त्या एका विभागातून अध्यापक, संशोधक, लेखक निघाले. आपल्या भागातील कनिष्ठ आणि पदवी महाविद्यालयांत मराठी हा द्वितीय भाषेचा विषय मिळावा, ही मागणी माध्यमाच्या मागणीपेक्षा लहान दिसते, पण तिच्यात टिकण्याचे बळ आहे. विषय घेणारे विद्यार्थीच नसले तर मात्र ती मागणी कोणी ऐकणार नाही. तेव्हा आधी आपल्या घरातील मुलाने मराठी घ्यावी.

दुसरी : ग्रंथालय. हैदराबादचे मराठी ग्रंथसंग्रहालय लोकांच्या वर्गणीवर उभे राहिले आणि संस्थानी राजवट, विलीनीकरण, भाषावार प्रांतरचना अशी सारी स्थित्यंतरे त्याने पाहिली. ज्या काळात सभेला परवानगी लागे त्या काळात पुस्तकाला लागत नव्हती. आज आपल्याला सभेची मुभा आहे, समाजमाध्यमांवर रोज भाषेचा जयघोष चालतो, पण भैंसाच्या परिसरातील किती गावांत मुलाला हाती धरता येईल असे नवे मराठी पुस्तक मिळते? एक खोली, एक कपाट आणि संध्याकाळी दोन तास बसणारा माणूस, एवढ्यावर आरंभ होऊ शकतो.

तिसरी आणि सर्वांत अवघड : शेजार. १९२१ ची हुर्यो आणि १९३८ चे वसतिगृह, दोन्ही आपलाच वारसा आहेत. हैदराबादच्या मराठी साहित्य परिषदेने आपल्या नियतकालिकाला 'पंचधारा' हे नाव दिले आणि त्यात मराठीबरोबर शेजारच्या भाषांनाही जागा दिली, ती या वारशातील चांगल्या बाजूची निवड होती. आपले ग्रंथालय उघडले तर त्यात तेलुगूचे आणि उर्दूचेही एक कपाट असावे. भैंसा हे तिन्ही भाषा बोलणारे गाव आहे. या गावाने वैमनस्याचे दिवसही पाहिले आहेत. येथे मराठीची बाजू मांडायची तर ती तेलुगू शेजाऱ्याला आणि उर्दू शेजाऱ्याला समोर बसवून, त्यांच्या भाषेत समजावून मांडता आली पाहिजे. त्या पिढीच्या वसतिगृहातील विद्यार्थ्यांना ते येत होते.

येत्या जूनमध्ये शाळा-महाविद्यालयांचे प्रवेश सुरू होतील. प्रवेश अर्जावर भाषेचा एक रकाना असतो. बहुतेक घरांत तो घाईत, दुसऱ्या कोणाच्या सांगण्यावरून भरला जातो. वाचकहो, या वर्षी तो भरताना थोडे थांबावे, महाविद्यालयात मराठीची सोय आहे का हे विचारावे, आणि नसेल तर लेखी अर्ज देऊन त्याची पोच घ्यावी.